पाहा : हिरडा

लीड्स. ग्रंथालयाचा दुसरा मजला.
साडेतीनलाच बाहेर दिवे लागलेले.
मी त्या रिकाम्या चौकोनात अख्खं वाक्य लिहिलं,
अगदी नम्रपणे, पूर्णविरामासकट :
माझ्या वडिलांनी एकसष्ट साली इथे लिहिलेला
कातड्यावरचा प्रबंध मला पाहायचा आहे.
उत्तर आलं, शून्य.

ब्रेंडा हर्स्ट खुर्ची ओढून शेजारी बसली.
म्हणाली, याला ‘कृपया’ कळत नाही.
माझ्या, मला, आहे, ही सगळी सालं. सोलून टाक.
तेव्हा उमगलं, हे देवापुढचं गाऱ्हाणं नव्हे,
ही वाण्याकडची यादी.
गूळ. शेंगदाणे. काड्यापेटी.
घरात कोण आजारी आहे ते वाण्याला सांगायचं नसतं.

आधी नाव टाकलं. त्र्यंबक.
हे नाव इंग्रजीत कधी एका जागी बसलंच नाही.
पासपोर्टावर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं,
मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच.
जिथे जिथे मी अडखळले
तिथे तिथे ब्रेंडानं एकेक चांदणी टाकली.
बाबांच्या नावात तीन चांदण्या.
नाशिकजवळचा किल्ला सापडला. बाबा नाही.

मग विषय. हिरडा, मी म्हटलं.
शून्य.
म्हणजे काय असतं ते?
पर्समधली डबी उघडून
मी तिच्या तळहातावर एक बाळहिरडा ठेवला.
इथे खायला मनाई, असं तिच्याच डोक्यावर लिहिलेलं.
तिनं दाराकडे पाहिलं आणि चावला.
तोंड असं आवळलं की चष्मा हलला,
आणि त्या तुरटपणातून कुठून तरी
तिला तिचा मामा आठवला, कर्कस्टॉलच्या टॅनरीतला,
पिवळ्या बोटांचा.
मुंबईहून पोती यायची, ती म्हणाली,
पोत्यांवर काळा शिक्का : मायरोबॅलन.
शब्द सापडला तो असा, दाढेखाली.

मायरोबॅलन. तीनशे बारा नोंदी,
आणि बहुतेक आलुबुखारच्या!
त्याच नावाचं एक विलायती झाड आहे म्हणे,
त्याच्या कलमांवर लोकांनी आयुष्यं घातलीत.
ब्रेंडानं लिहिलं, प्लम नको.
अडीचशे झाडं एका फटक्यात गेली.
नको म्हणणं इतकं सोपं असतं
हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.
मग, आणि चामडं. आणि लीड्स.
आमच्याकडे ‘आणि’ म्हटलं की पंगतीत पानं वाढतात,
इथे माणसं उठून जातात.
एकोणीस. चार.
एक.

त्र्यंबक, एस.
आडनावाच्या जागी नाव, आडनावाचं उरलं एक अक्षर.
तीन वर्षं याच हाकेला ओ देत असतील.
पानं एकशे त्रेचाळीस.
मागच्या खिशात कातड्याचे सहा नमुने.

ब्रेंडा कुणाला तरी प्रिंटर दाखवायला गेली
तेवढ्यात मी आईचं नाव टाकलं.
भोरला हिरडे वाळवून, फोडून,
पुडी पुडीवर झाडाची जागा लिहून
पोस्टात नेऊन द्यायची ती. मी कडेवर.
माहेरचं नाव. शून्य.
सासरचं. शून्य.
चांदण्या टाकल्या, जमतील तेवढ्या.
ब्रेंडा मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
कॅटलॉगला नुसतं झाकण दिसतं, ती म्हणाली,
बरणीत काय आहे ते उघडूनच बघायचं.

प्रबंध तळघरातून यायला दोन दिवस.
चिठ्ठीवर : गुरुवार, अकरानंतर.
मग तिनं स्वतःची वही काढली आणि पेन्सिलीनं लिहिलं,
हिरडा, पाहा मायरोबॅलन.
मी म्हटलं, उलटंही लिहा.
तिनं लिहिलं. लिहिताना तिची जीभ
अजून दाढेमागे काहीतरी शोधत होती.